शोकप्रस्ताव आणि शेवंतीचा हार

आमच्या गावच्या नगरपालिकेला दोन आवाज होते. एक भोंग्याचा आणि दुसरा महादेवकाकाचा. भोंगा ठरल्या वेळी वाजायचा आणि गाव त्यावर आपली घड्याळं लावून घ्यायचं. काकाचं तसं नव्हतं. तो सभेत केव्हा उठेल, कशावर उठेल आणि एकदा उठला की केव्हा बसेल, हे अध्यक्षांनाही सांगता येत नसे. अमरावतीहून अकोल्याकडे निघालं की वाटेत लागणारं आमचं हे तालुक्याचं गाव. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण या हकिगतीतल्या बऱ्याच जणांची नातवंडं अजून तिथंच राहतात आणि मला तिथं अजून जाणं-येणं ठेवायचं आहे. महादेवकाका म्हणजे बाबांचा चुलतभाऊ, आमच्या माळीपुऱ्यातून निवडून आलेला नगरसेवक. शाळेत फारसा टिकला नाही, पण पालिकेत टिकला. सभा संपली की तो आधी आमच्याकडे येऊन चहा मागायचा आणि सभेत जे बोलला ते पुन्हा एकदा आम्हाला बोलून दाखवायचा.

आमचं घर फुलांचं होतं, म्हणजे घराभर कुठंही हात घातला तर फूल लागायचं. नदीकडच्या काळ्या जमिनीच्या तुकड्यात बाबा झेंडू, शेवंती, निशिगंध आणि थोडे गुलाब लावायचे. उजाडायच्या आत तोडणी करून ओल्या पोत्यात बांधलेली फुलं ते सायकलवर घेऊन येत. पोतं ओसरीत टाकल्याचा तो धप्प आवाज झाला की मी उठायची. माय तोवर चुलीपुढं बसलेली असे. ज्वारीची भाकर थापता थापता एक डोळा पोत्याकडे. भाकर, लसणाचा ठेचा, कधी अंबाडीची भाजी, आणि जेवणात सुद्धा एखादी पाकळी सापडणार हे ठरलेलंच. मग ती पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून हार ओवायला बसायची आणि बोलायची. तिचे हात आणि तोंड एका वेळी चालत. हात थांबले की समजायचं, काहीतरी बिनसलं. आजही कुणी बोलता बोलता हातातलं काम सोडलं की मी उगाच दचकून वर पाहते.

मायची बसायची जागा पालिकेच्या फाटकाजवळ होती. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला भिंतीला लागून लांब ओटा, वर पत्रे, आणि ओट्यावर ओळीनं बसलेल्या आमच्या पुऱ्यातल्या बाया. समोरच देवळाचा रस्ता, बाजूला एस. टी. स्टँड. देवाचा हार, लग्नाचा हार, अंत्ययात्रेचा हार, सगळ्यांना इथंच यावं लागे. ही जागा अण्णासाहेबांनी दिलेली. अण्णासाहेब म्हणजे जुने नगराध्यक्ष. त्याआधी बाया रस्त्यावर बसत आणि कुणीही येऊन त्यांच्या टोपल्या पायानं सरकवत असे. मायच्या तोंडून ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की ती मला पाहिल्यासारखी आठवते. एकदा अशीच टोपली कुणीतरी उलटवली, फुलं नालीत गेली, आणि नेमके अण्णासाहेब फाटकातून बाहेर पडत होते. ते थांबले, धोतर सावरून वाकले, नालीच्या काठावरची चार फुलं उचलून टोपलीत टाकली आणि म्हणाले, “बाई, उद्यापासून आतमधी बसा.” पुढं त्यांनी ओटा बांधून घेतला आणि प्रत्येकीला रीतसर परवाना दिला. मग त्यांचं अध्यक्षपद गेलं, बायको गेली, आणि ते अकोल्याला मुलांकडे राहायला गेले. पण माय दर दसऱ्याला पहिलं फूल बाजूला काढून म्हणायची, “हे अण्णासाहेबाचं.”

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि पालिकेच्या सभेला जाऊन बसायचा मला नाद लागला होता. त्याचं झालं असं, की सभेत काय चाललंय हे जाणून घ्यायची मायला भारी उत्सुकता, पण टोपली सोडून तिला वर जाता येईना. महादेवकाका सांगायचा त्यात काकाच फार असायचा. म्हणून मायनं एकदा मला म्हटलं, “इंदे, तू जाऊन पाह्य बरं, खरं काय होते तठी.” सभा सगळ्यांना खुली होती, मागं दोन बाकं प्रेक्षकांसाठी ठेवलेली, ज्यांवर सहसा फक्त धूळ बसायची. मी बसायला लागले, आणि पहिल्याच दिवशी मला कळलं की गावातला सगळ्यात चांगला तमाशा इथं फुकट चालतो आणि गावाला पत्ताच नाही.

केवढ्या गोष्टींवर ही माणसं डोकं लावत होती! सायकलीला पालिकेचा बिल्ला लावावा लागे. तर लहान पोराच्या सायकलीला बिल्ला हवा की नको, आणि पोर लहान आहे हे ठरवायचं पोराच्या उंचीवरून की सायकलीच्या, यावर एक पूर्ण दुपार गेली. कडुलिंबाखाली खुर्ची मांडून दाढी करणाऱ्या माणसाला दुकानाचा कर लावायचा का, हा एक विषय. एक सदस्य म्हणाले, खुर्ची आहे म्हणजे दुकान आहे. दुसरे म्हणाले, खुर्ची संध्याकाळी घरी जाते, दुकान घरी जातं का? मी बाकावर ओढणी तोंडात कोंबून बसले होते. पण हळूहळू माझं हसणं कमी झालं आणि कुतूहल वाढलं. कारण त्या खुर्चीवाल्याचा संसार त्या उत्तरावर होता, आणि बोलणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं. म्हणूनच ते इतके घोळ घालत होते. हो म्हणायला जीभ रेटत नाही आणि नाही म्हणायला कायदा आडवा येतो, तेव्हा माणसं किती वेळ बोलू शकतात हे मी तिथं शिकले. सूचक, अनुमोदक, ऐनवेळचा विषय, सर्वानुमते मंजूर, सभा तहकूब. हे शब्द मी घरी येऊन मायला समजावून सांगायची आणि माय हार ओवता ओवता ते तोंडात घोळवून पाहायची. भाजीत मीठ जास्त झालं की बाबांना म्हणायची, “आता सर्वानुमते खाऊन घ्या.”

हे सगळं मजेचं होतं ते भैयासाहेब अध्यक्ष झाले तोवर. भैयासाहेब हुशार माणूस, मोठ्या घरचा, कामाचा उरक असलेला. मी त्यांना खलनायक करणार नाही, ते तसे नव्हतेच. पण त्यांच्या डोक्यात आलं की फाटकाजवळची भिंत पाडून तिथं दुकानांचे गाळे बांधावेत. पालिकेला उत्पन्न होईल, गाव शहरासारखं दिसेल. फुलवाल्या बायांना कोंडवाड्यामागं जागा द्यायची. कोंडवाडा म्हणजे मोकाट गुरं आणून बांधायची जागा, गावाच्या पार टोकाला. तिथं ज्याची गाय हरवली तोच जायचा. हार घ्यायला तिथवर कोण येणार? मी हा विषय ऐकून खाली आले आणि मायला सांगितलं, तेव्हा तिचे हात थांबले. आमच्या घरची चूल त्या ओट्यावर पेटत होती, माझं कॉलेज त्या ओट्यावर होतं, आणि ओळीतल्या प्रत्येक बाईचं असंच काहीतरी होतं. माय एवढंच म्हणाली, “भाऊजीले म्हणा, काही तरी करा.”

भाऊजी म्हणजे महादेवकाका. त्यानं जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. आमच्या पालिकेत जुनी रीत होती, की कुणी आजी-माजी सदस्य वारला तर सभेच्या सुरुवातीला शोकप्रस्ताव मांडायचा, चार जणांनी त्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं, दोन मिनिटं उभं राहायचं आणि दिवसभरापुरती सभा तहकूब करायची. शोकप्रस्तावाला विरोध करता येत नाही. काकानं हे हेरलं. गाळ्यांचा विषय ज्या सभेत असेल त्या सभेत तो काळजावर हात ठेवून उठायचा. आधी खरोखरच वारलेले एक जुने सदस्य मिळाले. मग शेजारच्या गावच्या पालिकेचे माजी उपाध्यक्ष. मग आखाड्याचे वस्ताद, मग पालिकेचा भोंगा वर्षानुवर्षं वाजवणारा आणि निवृत्तीनंतर धारणीकडे जाऊन राहिलेला शिपाई. प्रत्येक जण गावाचा आधारवड होता आणि प्रत्येकाच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली. बाकीचे सदस्यही फारसं मनावर घेत नसत, कारण सभेसाठी मागवलेले आलूबोंडे सभा लवकर तहकूब झाली की गरमागरम मिळायचे. भैयासाहेब मात्र मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत दोन मिनिटं उभे राहायचे आणि त्यांचा चेहरा दर वेळी थोडा जास्त लाल व्हायचा.

शेवटी भैयासाहेबांनी गाळ्यांचा विषय अजेंड्यावर सगळ्यात वर घेतला आणि सभेच्या आधी सगळ्यांना निरोप धाडला, की यापुढं शोकप्रस्ताव फक्त आपल्याच पालिकेच्या आजी-माजी सदस्यांचा घेतला जाईल. काकाची पंचाईत झाली. तो आमच्या ओसरीत डोकं धरून बसला आणि बाबांना म्हणाला, “आपल्या गावात आता कोणी मरूनच नाई राह्यलं ना, भाऊ.” बाबा तसे कमी बोलणारे. ते म्हणाले, “मंग तूच मर.” माय दोघांवर खेकसली.

सभेच्या आदल्या दिवशी काका कशाला तरी अकोल्याला गेला होता. परत निघताना एस. टी.च्या खिडकीतून त्याला अण्णासाहेबांचे दोन्ही मुलगे दिसले. स्टँडवर उभे होते, दोघांची डोकी तुळतुळीत, वर पांढऱ्या टोप्या, चेहरे ओढलेले. गाडी सुटली होती, उतरायला वेळ नव्हता. पण उतरून विचारायचं तरी काय? दोघा सख्ख्या भावांनी एकाच वेळी डोकं भादरलं म्हणजे घरात काय झालं, हे आपल्याकडे पोरालाही कळतं. काका रडत घरी आला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं सगळ्या गावानं त्याच्यावर लबाडीचा आळ घेतला. त्यानं लबाडी केली नव्हती. “माह्या डोयानं पायलं, वहिनी,” तो म्हणाला, “आपले अण्णासाहेब गेले.” मायनं हातातला हार खाली ठेवला आणि त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशीची सभा मी कधी विसरणार नाही. काका उठला तेव्हा भैयासाहेबांनी कपाळाला हात लावला, पण नाव ऐकलं आणि हात खाली आला. सगळं सभागृह खरंच हललं. त्यातल्या निम्म्यांना अण्णासाहेबांनीच राजकारणात आणलं होतं. एकेक जण बोलायला उठला. कुणी पाण्याच्या टाकीचं सांगितलं, कुणी मुलींच्या शाळेचं. आणि शेवटी भैयासाहेब उठले. ते बोलायचे नेहमी नेटकं, पण त्या दिवशी अडखळले. म्हणाले, “अण्णासाहेबांची फार कामं आहेत. पण मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं काम आपल्या फाटकाशी आहे. पालिकेत येणाऱ्या माणसाला आधी फुलांचा वास येतो. अशी नगरपालिका दुसरी नसेल. ती फुलं म्हणजे त्यांची खरी आठवण, आणि ती या गावानं जपली पाहिजे.” शेजारी बसलेले मुख्याधिकारी चमकून त्यांच्याकडे पाहायला लागले, कारण त्यांच्यापुढच्या कागदावर त्याच फाटकाचा विषय पहिला होता. माणूस मेल्यावर आपण त्याच्याबद्दल जे बोलतो ते खोटं असतं असं सगळे म्हणतात. मला नाही तसं वाटत. मला वाटतं, तेव्हाच कधी नव्हे ते तोंडातून खरं निघून जातं. शोकप्रस्ताव सर्वानुमते मंजूर झाला, सगळे उभे राहिले, सभा तहकूब झाली. आलूबोंड्यांना त्या दिवशी कुणी हात लावला नाही.

खाली मायनं अण्णासाहेबांचा एक जुना फोटो कुठूनसा मिळवून ओट्याच्या भिंतीवर टांगला होता आणि त्याला झेंडूचा भलामोठा हार घातला होता. अकोल्याला जायचं तिच्या मनात होतं, पण डोकी भादरलेली म्हणजे सगळं आटोपलं असणार, आता तेरवीलाच जाऊ, असं बायांनी ठरवलं. वर्तमानपत्रात बातमी आली, फोटोसकट. गाव हळहळलं. आताच्या काळात असतं तर तासाभरात कुणीतरी मोबाइलवर खुलासा टाकला असता आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांनी आपापले जोडलेले हात गुपचूप पुसून टाकले असते. तेव्हा तसली सोय नव्हती, त्यामुळं अण्णासाहेब चार-पाच दिवस निवांत मेलेले राहिले.

त्यानंतर एका सकाळी मी कॉलेजला जायच्या आधी मायजवळ बसले होते. अकोल्याची गाडी आली, माणसं उतरली, आणि फाटकातून एक म्हातारा काठी टेकत आत आला. धोतर, काळा कोट, काखेत वर्तमानपत्र. तो सरळ ओट्यापुढं येऊन उभा राहिला आणि भिंतीवरचा फोटो निरखायला लागला. मायनं मान वर केली. तिच्या अंगठ्याचा दोरा सुटला आणि झेंडूची फुलं ओट्यावरून घरंगळत खाली गेली.

“तुमी… तुमी तं…” माय फोटोकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं पाहू लागली.

“हो बाई,” अण्णासाहेब म्हणाले. “मी बी वाचलं. फोटो लयच जुना छापला म्हणून, नाही तं माहाही भरोसा बसला असता.”

मुलगे तिरुपतीला जाऊन आले होते. धाकट्याच्या घरी उशिरा पाळणा हलला, त्याचा नवस होता. थोरल्यानंही सोबत केस दिले. परतीच्या प्रवासात दोघांची पोटं बिघडली होती, म्हणून चेहरे ओढलेले. हे ऐकल्यावर माय आधी रडली आणि मग भयंकर चिडली. “माह्या घरी चूल नाही पेटली तुमच्यासाठी!” ती म्हणाली. “पोट्टी उपाशी कॉलेजात गेली!” अण्णासाहेबांनी हात जोडले. तेवढ्यात हाराचा वास नाकात जाऊन त्यांना सटासट शिंका यायला लागल्या. डोळे पुसत ते म्हणाले, “झेंडू सोसत नाही मले. खरंच जाईन तवा शेवंतीचा करजो, बाई.” माय म्हणाली, “शुभ बोला.” पण मग दोघंही हसायला लागले.

महादेवकाकाला बोलावणं धाडलं तर तो घरात दडून बसला. शेवटी बाबांनी त्याला दंडाला धरून आणलं. त्यानं अण्णासाहेबांच्या पायावर डोकं ठेवलं ते वर उचलेना. अण्णासाहेब म्हणाले, “ऊठ महादेव. मेलो तं मेलो. कोणाच्या कामी तं आलो ना?” तेव्हा काकानं गाळ्यांचं सगळं सांगितलं. अण्णासाहेब ऐकत राहिले. त्यांनी ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेनं चाचपला, प्रत्येक बाईकडे पाहिलं, आणि विचारलं, “भैया बोलला हे, पेपरात छापलं तसंच? फुलांचं?” मी म्हटलं, “मी स्वतः ऐकलं.” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “तू कोण व?” मी सांगितलं. “बरं,” ते म्हणाले, “पुढची सभा कवा आहे?”

पुढच्या सभेला प्रेक्षकांच्या बाकांवर पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णासाहेब जिवंत असल्याचं आता गावाला माहीत होतं, आणि भैयासाहेबही तयारीनं आले होते. कुठल्याही विषयाआधी सभेत एक काम कायमचं ठरलेलं असतं: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. म्हणजे मागं जे घडलं ते तसंच घडलं, असं सभेनं मान्य करायचं. भैयासाहेब उठून म्हणाले, “मागचा शोकप्रस्ताव चुकीच्या माहितीवर मांडला गेला. आदरणीय अण्णासाहेब आपल्यात आहेत, हा आनंद आहे. तो संपूर्ण ठराव इतिवृत्तातून वगळावा आणि आपण पुढच्या विषयाकडे वळावं.” पुढचा विषय गाळ्यांचा होता. काकाला आता तोंड उघडायची सोय उरली नव्हती. त्यानं उघडलं असतं तर सगळे हसले असते. मी खिडकीशी बसले होते. तिथून खाली मायच्या टोपलीचा काठ दिसत होता. पुढच्या घटकाभरात ती टोपली कोंडवाड्यामागं जाणार होती.

अण्णासाहेब बाकावरून उठले. मुख्याधिकारी अदबीनं म्हणाले, “माफ करा, प्रेक्षकांना सभेत बोलता येत नाही. नियम आहे.” आणि तेव्हा महादेवकाका उठला. “साहेब,” तो म्हणाला, “इतिवृत्त आजून वगळलं नाही. म्हंजे पालिकेच्या ठरावापरमानं हा माणूस आजून मेलेला हाय. मेलेल्या माणसानं बोलू नये असा नियम कुठी लिहून हाय, तेवढा दाखवा.” सभागृह खो खो हसलं. मुख्याधिकाऱ्यांनी खरंच पुस्तक उघडलं आणि मिटलं. भैयासाहेबांनाही हसू आवरेना; त्यांनी हातानं खूण केली, बोला.

अण्णासाहेब फार बोलले नाहीत. “मी इतकी वर्सं अठी बसलो,” ते म्हणाले. “तवा माह्याबद्दल कोणी एक चांगला शब्द बोललं नाही. मेलो तवा समदे बोलले. मले लय बरं वाटलं, खोटं काहून सांगू. आता माहं एकच म्हणणं हाय. तुमी जे बोलले ते खोटं असन, तं आख्खा ठराव खोडा. माही तक्रार नाही, मी अकोल्याची गाडी पकडतो. पण खरं असन, तं माहं फक्त मरण खोडा. बाकीचं राहू द्या.”

सगळे भैयासाहेबांकडे पाहत होते आणि भैयासाहेब टेबलाकडे. मला वाटलं, ते आता घड्याळ पाहतील. त्यांनी पाहिलं नाही. ते म्हणाले, “मी बोललो ते मनापासून बोललो होतो, अण्णासाहेब.” मग कारकुनाकडे वळून त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगितलं, “लिहा. दुःखद निधनाचा उल्लेख वगळून उर्वरित मजकुरासह इतिवृत्त कायम. सर्वानुमते.” आणि थोडं थांबून, “फाटकाजवळची फुलं गावानं जपली पाहिजेत, असं आता ठरावातच आलंय, तेव्हा पुढचा विषय आपोआप रद्द होतो. पुढं चला.” पुढचा विषय डुकरांचा होता.

मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. माय टोपलीमागं उभी होती; ती कधी उभी राहत नसे. “काय झालं, काय झालं व?” ती विचारत होती आणि मला हसू आणि रडू एकदमच येत होतं. शेवटी मी सांगितलं. मायनं ओट्याच्या दगडावर हात ठेवला आणि तसाच ठेवून ती उभी राहिली, मग खाली बसली आणि फुलांवर पाणी शिंपडायला लागली. त्या संध्याकाळी आमच्याकडे निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी झाली. अण्णासाहेब ओसरीत मांडी घालून जेवले. आयुष्यात मी इतकी आनंदात क्वचित असेन.

पुढं मी शिकले, अमरावतीला शाळेत मास्तरीण झाले, आणि वर्गात पोरांना नागरिकशास्त्र शिकवताना पुस्तक बाजूला ठेवून हीच गोष्ट सांगत आले. मधे काही वर्षं पालिकेच्या निवडणुकाच झाल्या नाहीत. प्रशासक आपल्या खोलीत बसून घरपट्टी ठरवायचे, कागद शांतपणे खालीवर व्हायचे. काम झटपट व्हायचं म्हणतात. मी एकदा त्या रिकाम्या सभागृहात डोकावून आले. मागच्या बाकांवर पुन्हा धूळ बसली होती. मला त्या सायकलींच्या बिल्ल्यांच्या भांडणाची इतकी आठवण आली, की कुणी तरी कशावर तरी उठून ओरडावं असं वाटलं.

पण मला शेवटी सांगायचंय ते मास्तरकी सुरू झाली त्या वर्षांतलं. थंडीचे दिवस होते. शाळेला सुटी लागली म्हणून मी दुपारच्या गाडीनं घरी आले आणि नेहमीप्रमाणे स्टँडवरून सरळ मायकडे निघाले. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि थबकले. ओटा रिकामा होता. एकही टोपली नाही, एकही बाई नाही. नुसता धुतलेला दगड. शेवटी उठवलंच यांना, मी मनात म्हटलं, आणि बॅग तिथंच टाकून जिना चढले. भांडायच्या तयारीनंच चढले होते.

वर सभा सुरू होती. भैयासाहेब पुन्हा अध्यक्ष झाले होते, केस पांढरे झाले होते. आणि महादेवकाका उभा होता. तो म्हणत होता, “अण्णासाहेबाच्या निधनाचा शोकप्रस्ताव मी मांडतो.” पण कुणी गंभीर होईना. “महादेवराव, आता कोणाचं मुंडण पाहून आले?” एकानं विचारलं, आणि सगळे हसले. भैयासाहेबही हसून म्हणाले, “काका, यावेळी आम्हाला काही पुरावा तरी द्या.” काका हसला नाही. त्यानं नुसता खिडकीकडे हात केला.

उजाडताच अण्णासाहेबांचा धाकटा मुलगा आमच्या दारी येऊन निरोप देऊन गेला होता, हे मला नंतर कळलं. बाबांनी शेवंतीचा सगळा वाफा कापून दिला होता. माय हार ओवत बसली आणि तो पुरा होताच पुऱ्यातल्या साऱ्या बायांना घेऊन मेटॅडोरनं अकोल्याला गेली. तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी दारात उभी होते आणि भैयासाहेब खिडकीशी गेलेले पाहत होते. खाली तीच जागा, जी रिकामी करून घ्यायला त्यांनी एकेकाळी इतकं केलं होतं, ती आज रिकामी होती. ते बराच वेळ खाली पाहत राहिले. परत खुर्चीकडे आलेच नाहीत, तिथंच हात जोडून उभे राहिले, आणि मग एकेक करून सगळी सभा उभी राहिली. त्या दिवशी भाषणं झाली नाहीत. जे बोलायचं ते त्यांना आधीच ऐकवून झालं होतं.